पाल उठविणाऱ्यांचें दहा वर्षांचें राज्य

हांबुर्ग शहरांतील ओल्सडॉर्फच्या विस्तीर्ण दफनभूमींत एक कबर आहे. तिच्या दगडावर ओटो विट्टे हें नांव असून त्यासोबत 'अल्बानियाचा माजी राजा' असे शब्द कोरलेले आहेत. हा गृहस्थ राजा कधींच नव्हता. सर्कशींत आणि जत्रांत खेळ करून पोट भरणारा तो एक हरहुन्नरी माणूस होता. १९१३ सालीं, बाल्कन देशांत युद्धाची धुमश्चक्री चालू असतांना, आपण एका तुर्की राजपुत्राच्या वेषांत अल्बानियांत शिरलों आणि पांच दिवस तेथील गादीवर बसलों, अशी कथा तो जन्मभर सांगत असे. इतिहासकारांना या कथेस कांहींच आधार सांपडला नाहीं. परंतु ऐकणारांना ती इतकी आवडली कीं, १९५८ सालीं तो वारला तेव्हां ती पदवी त्याच्या कबरीपर्यंत त्याच्यासोबत गेली.

पांच दिवसांचें तें राज्य ही एक कौतुकाची थाप होती. परंतु या ओटोच्या नातवाला, नॉर्बर्ट विट्टे याला, पुढें खरोखरीचें एक छोटेखानी राज्य मिळालें. त्याला वेस होती, त्यांत कालवे होते, एक लहानशी आगगाडी होती आणि दुरून दिसणारा एक प्रचंड आकाशपाळणा होता. तें राज्य म्हणजे बर्लिनचें 'स्प्रेपार्क' हें करमणुकीचें उद्यान. तें या कुटुंबाच्या हातीं १९९१ ते २००१ अशीं दहा वर्षें राहिलें. आणि गेलें तें एकटें गेलें नाहीं, कुटुंबालाहि सोबत घेऊन गेलें.

हें राज्य कसें उभें राहिलें हें प्रथम पाहिलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले आणि बर्लिन शहराचेहि झाले. १९४९ च्या ऑक्टोबरांत स्थापन झालेल्या पूर्व जर्मन राज्याला १९६९ सालीं वीस वर्षें पुरीं होत होतीं. त्या निमित्तानें ४ ऑक्टोबर १९६९ रोजीं बर्लिनच्या ट्रेप्टो भागांत, स्प्रे नदीच्या कांठीं, प्लेंटरवाल्ड नांवाच्या वनराईंत सरकारनें एक उद्यान उघडलें. त्याचें नांव 'कुल्टुरपार्क', म्हणजे संस्कृति-उद्यान. जागा ७० एकरांहून थोडी अधिक होती. पूर्व जर्मनींत अशा प्रकारचें कायमचें उद्यान हें एवढें एकच. त्यामुळें देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथें येत, आणि वर्षाकाठीं १७ लाखांपर्यंत माणसें त्याच्या दारांतून आंत जात असत. आंत शिरण्यास नाममात्र पैसे पडत. पुढें ज्याला ज्या पाळण्यांत बसावयाचें असेल त्यानें त्याचे पैसे वेगळे द्यावयाचे. आजीआजोबांनीं बांकावर बसून राहावें, मुलांनीं दोनचार फेऱ्या माराव्या आणि सर्वांनीं मिळून कांहीं खाऊन घरीं जावें, असा तो दिवस स्वस्तांत साजरा होई. उद्यान सरकारी होतें. त्यांत नफा किती होतो याची विवंचना कोणाला करावी लागत नसे.

१९८९ सालीं राज्याचा चाळिसावा वाढदिवस आला. त्याप्रीत्यर्थ जुन्या आकाशपाळण्याच्या जागीं ४५ मीटर, म्हणजे सुमारें १५० फूट उंचीचा नवा पाळणा उभारण्यांत आला. त्याला ४० डबे होते. वाढदिवस ७ ऑक्टोबर रोजीं झाला आणि ९ नोव्हेंबर रोजीं बर्लिनची भिंत कोसळली. पुढल्या वर्षाच्या ३ ऑक्टोबरला तें राज्यच नकाशावरून नाहींसें झालें. पाळणा मात्र नवा कोरा उभा होता. ज्याच्या वाढदिवसासाठीं तो आणला त्याच्यापेक्षां तो अधिक काळ टिकला.

एकीकरणानंतर पूर्व जर्मनींतील सरकारी कारखाने, दुकानें, जमिनी यांची विल्हेवाट लावण्याचें प्रचंड काम सुरू झालें. या उद्यानाचें काय करावें हा प्रश्न बर्लिन शहरापुढें आला. १९९१ सालीं तें खासगी चालकाला देण्याचें ठरलें, मागण्या आल्या आणि अनेक मागण्यांतून विट्टे कुटुंबाच्या कंपनीची निवड झाली.

नॉर्बर्ट विट्टे हा जातिवंत जत्रेवाला होता. त्याचें घराणें पिढ्यान् पिढ्या गांवोगांव फिरणारें. जर्मनींत अशा कुटुंबांचा एक स्वतंत्र समाजच आहे. वसंत ऋतूंत बिऱ्हाड गाड्यांवर चढवावें, एका शहराच्या जत्रेंत कांहीं आठवडे पाळणे लावावे, गर्दी ओसरली कीं खिळे-खुंट्या उपटून पुढच्या शहराची वाट धरावी, असें त्यांचें जीवन असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तें हेंच. या धंद्यांत बाप तिकिटें फाडतो, आई हिशेब ठेवते, मुलगा यंत्रें चालवितो. घर कोठें संपलें आणि धंदा कोठें सुरू झाला हें सांगतां येत नाहीं.

या माणसाच्या मागें एक काळी सावलीहि होती. १४ ऑगस्ट १९८१ रोजीं हांबुर्गच्या प्रसिद्ध जत्रेंत त्याच्या रोलर कोस्टरची दुरुस्ती चालली होती आणि तो स्वतः क्रेन हाताळीत होता. क्रेनची भुजा शेजारच्या फिरत्या पाळण्याच्या वाटेंत आली. त्या धडकेंत सात माणसें ठार झालीं. युद्धोत्तर जर्मनीच्या जत्रांतील हा अत्यंत भीषण अपघात होता. न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें, परंतु शिक्षा स्थगित ठेवली. बर्लिन शहरानें सत्तर एकरांचें उद्यान या माणसाच्या हवालीं करतांना त्याच्या पूर्वायुष्याची कितपत विचारपूस केली, हा प्रश्न पुढें सर्व बुडाल्यानंतर लोकांनीं मोठ्या आवाजांत विचारला. प्रारंभीं मात्र तो कोणीं विचारल्याचें दिसलें नाहीं. त्या दिवसांत पूर्वेकडे जो कोणी भांडवल आणि योजना घेऊन येई, तो हवाच असे.

आणि योजना खरोखरच चांगली होती. जुन्या उद्यानांत डांबराचीं रुक्ष मैदानें होतीं. तीं उखडून विट्टेनें तेथें हिरवळ केली, पाण्याचे कालवे खेळविले, त्यांत राजहंसाच्या आकाराच्या नावा सोडल्या. झाडींत प्रचंड डायनोसॉर उभे राहिले, जुन्या इंग्लंडमधील खेड्याचा देखावा झाला, नवे रोलर कोस्टर आले. संस्कृति-उद्यान हें जुनें नांव जाऊन 'स्प्रेपार्क' हें नवें नांव दारावर लागलें. जुनी तिकिटाची पद्धत बदलून पाश्चात्य उद्यानांप्रमाणें दारांतच एकदां पैसे घ्यावे आणि आंत वाटेल तितकें खेळूं द्यावें, अशी पद्धत सुरू झाली. सुरुवातीस गर्दीहि लोटली. पूर्व बर्लिनच्या ज्या माणसांनीं येथें आपलें बालपण घालविलें होतें, त्यांना आपल्या मुलांना तोच पाळणा दाखवावयाचा होता.

मग हें सर्व बुडालें कसें? अपघात, फसवणूक, दुर्दैव अशीं उत्तरें सोपीं आहेत. परंतु मूळ कारण धंद्याच्या प्रकृतींतच शोधलें पाहिजे.

फिरत्या जत्रेवाल्याचें यश एका गोष्टीवर अवलंबून असतें : त्याचा पाळणा तोच राहतो, पण त्याच्यासमोरची गर्दी बदलते. एका शहराला तो कंटाळवाणा होण्याच्या आंतच तो दुसऱ्या शहरांत जातो आणि तेथें तो पुन्हां नवा असतो. एकच यंत्र वर्षानुवर्षें नवें ठेवण्याची ही युक्ति आहे. शिवाय जमिनीचा बोजा नाहीं. ज्या आठवड्यांत मांडव घातला त्या आठवड्यांचें भाडें दिलें कीं संपलें. कायमच्या उद्यानाचें गणित याच्या नेमकें उलट. तेथें गर्दी तीच राहते आणि म्हणून पाळणे बदलावे लागतात. गेल्या वर्षीं येऊन गेलेल्या कुटुंबानें यंदा पुन्हां यावें असें वाटत असेल, तर त्याला कांहीं तरी नवें दाखविलेंच पाहिजे. नवें यंत्र म्हणजे नवें कर्ज, नवें कर्ज म्हणजे नवें व्याज, आणि तें व्याज शेवटीं दारावरच्या तिकिटांतून वसूल करावयाचें. गर्दी वाढत राहिली तर हें चक्र वर चढतें. गर्दी एकदां कमी होऊं लागली कीं तेंच चक्र उलटें फिरूं लागतें. त्यांतच बर्लिनचा हिवाळा मोठा कडक. वर्षांतले कित्येक महिने दारें बंद. पण कर्जाला हिवाळा नसतो, आणि यंत्रांची निगाहि थांबवितां येत नाहीं.

हें चक्र उलटें फिरण्याचीं कारणें एकामागून एक जमत गेलीं. एकीकरणानंतर पूर्व बर्लिनमधील कारखाने बंद पडले, हजारों माणसें बेकार झालीं. ज्यांच्या हातांत पैसे होते त्यांना आतां साऱ्या जगाचीं दारें उघडीं होतीं. सुटीचा दिवस प्लेंटरवाल्डमध्येंच घालविण्याची सक्ति राहिली नव्हती. इकडे नव्या पाळण्यांबरोबर तिकीट चढत जाऊन ३० मार्कांपर्यंत पोंचलें. एकरकमी तिकिटाची पद्धत धडधाकट मुलाला परवडते, कारण तो दिवसभर खेळून तिची भरपाई करतो. परंतु ज्या आजीला कशांतच बसावयाचें नाहीं, तिलाहि दारांत मोठी रक्कम मोजावी लागते. आणि आजी घरीं राहिली कीं पुष्कळदां नातवंडेंहि घरींच राहतात. जुन्या उद्यानाची जी कौटुंबिक वहिवाट होती तीच या पद्धतीनें मोडली.

दुसरी अडचण वाहनांची. उद्यान वनराईंत होतें, हेंच त्याचें सौंदर्य आणि हाच त्याचा अडसर. लोक आतां मोटारींतून येऊं लागले होते, आणि मोटारी उभ्या करण्यास जागा नव्हती. भोंवतालच्या वनाला निसर्गरक्षणाच्या कायद्याचें संरक्षण असल्यामुळें झाडें तोडून वाहनतळ करणें शक्य नव्हतें. विट्टेनें या अडचणीबद्दल शहराकडे वारंवार गाऱ्हाणीं नेलीं. शहराची बाजूहि चुकीची म्हणतां येणार नाहीं. एका कुटुंबाच्या धंद्यासाठीं शहराचें वन कोणीं तोडूं द्यावें?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती जमिनीची. जमीन शहराच्या मालकीचीच राहिली होती. कंपनीला तिच्यावर दीर्घ मुदतीचा भाडेपट्ट्याचा हक्क देण्यांत आला होता. जर्मन कायद्याप्रमाणें असा हक्क स्वतंत्र मिळकतीसारखा गहाण टाकतां येतो. शहराच्या संमतीनें हा हक्क गहाण पडला आणि त्यावर बँकेचें मोठें कर्ज चढलें. त्या वेळीं उद्यान वांचविण्याचा तो मार्ग वाटला असेल. परंतु त्याचा अर्थ असा झाला कीं, पुढें हें कुटुंब बुडालें तरी कर्ज जमिनीला चिकटूनच राहणार. जो कोणी नवा चालक येईल त्याला हा बोजा उचलूनच आंत पाऊल टाकावें लागणार. आपल्याच जमिनीची गांठ शहरानें अशी आपल्याच हातानें मारून घेतली.

२००१ सालीं आंत येणारांची संख्या ४ लाखांवर आली. एके काळच्या १७ लाखांचा हा चौथा हिस्साहि नव्हे. त्या वर्षीं कंपनीनें दिवाळें जाहीर केलें आणि हंगामाच्या अखेरीस बंद झालेलीं दारें पुन्हां उघडलीं नाहींत. पुढें हिशेब झाला तेव्हां कर्जाचा आंकडा १ कोटी १० लाख युरो इतका निघाला.

या ठिकाणीं या हकीकतीला जें वळण लागलें, तें जत्रेवाल्याच्या स्वभावाशीं अगदीं सुसंगत होतें. संकट आलें कीं पाल उठवावें आणि दुसऱ्या गांवीं जावें, हा घराण्याचा जुना धडा. जानेवारी २००२ मध्यें विट्टे कुटुंब आपल्या कांहीं निकटच्या कामगारांसह दक्षिण अमेरिकेंत, पेरू देशाच्या लिमा शहरीं निघून गेलें. जातांना सहा पाळणे २० कंटेनरांत भरून जहाजानें रवाना करण्यांत आले. ते दुरुस्तीसाठीं जात आहेत असा अधिकाऱ्यांचा समज होता. धनको बर्लिनमध्यें कागद चाळीत बसले, आणि 'उडता गालिचा' नांवाचा पाळणा समुद्रापार जाऊन पोंचला.

परंतु जुना धडा येथें उपयोगी पडला नाहीं. एका जर्मन शहरांतून शेजारच्या जर्मन शहरांत पाल हलविणें निराळें, आणि परक्या खंडांत, परक्या भाषेंत, परक्या कायद्यांत तें उभारणें निराळें. कंटेनर कस्टमच्या कचाट्यांतून सुटण्यासच बराच काळ आणि पैसा गेला. लिमामधील उद्यान चाललें नाहीं. हातचा पैसा संपला, विट्टेची प्रकृति ढासळली, पत्नी जर्मनीस परतली आणि संसार मोडला. अशा पेंचांत सांपडलेल्या माणसानें मग एक गोष्ट केली, तिला क्षमा नाहीं. २००३ सालीं 'उडता गालिचा' जर्मनीस परत धाडण्याची तयारी चालली असतां त्याच्या पोकळ लोखंडी खांबांत दडविलेलें दीडशे किलोंहून अधिक कोकेन पोलिसांनीं पकडलें. मे २००४ मध्यें बर्लिनच्या न्यायालयानें विट्टेला सात वर्षांची शिक्षा दिली. त्याचा मुलगा लिमांतच पकडला गेला होता. २००६ सालीं तेथील न्यायालयानें त्याला २० वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. बापाची शिक्षा स्वदेशांत सात वर्षांची, आणि ती पुरी होण्यापूर्वींच २००८ मध्यें त्याची सुटका झाली. मुलगा परदेशच्या तुरुंगांत राहिला.

कुटुंबाच्या मालकीचा धंदा हा जगांतील सर्वांत जुना धंदा. त्याचें बळ सर्वांना ठाऊक आहे. पगाराची पर्वा न करतां घरचीं माणसें राबतात, वाईट दिवसांत पोटाला चिमटा घेतात, शब्दावर विश्वास ठेवतात. परंतु या बळाच्याच पोटीं एक धोका असतो. नोकर तोट्यांतील धंदा सोडून जातो, भागीदार आपला हिस्सा काढून घेतो, सावकार कर्ज नाकारतो. आणि त्यांच्या या नकारांतूनच मालकाला वेळेवर इशारा मिळत असतो. घरचीं माणसें असा इशारा देत नाहींत. तीं शेवटपर्यंत बरोबर राहतात. पेढी आणि घर यांच्यामध्यें जी एक भिंत असावी लागते, ती विट्टे कुटुंबांत कधींच नव्हती. फिरत्या गाडींत ती असण्याचें कारणहि नव्हतें. म्हणून पेढीला आग लागली तेव्हां ती घरांत शिरण्यास वेळ लागला नाहीं.

इकडे बर्लिनमध्यें दारें बंद झालीं होतीं, पण जमिनीला चिकटलेलें कर्ज जिवंत होतें. एका फ्रेंच कंपनीशीं बोलणीं झालीं, तीं या कर्जापाशीं येऊन फिसकटलीं. वर्षांमागून वर्षें गेलीं. रुळांवर झाडोरा वाढला, राजहंसाच्या नावा चिखलांत रुतल्या, डायनोसॉर आडवे झाले. वारा सुटला कीं तो प्रचंड आकाशपाळणा आपोआप हळूहळू फिरूं लागे आणि त्याच्या करकरण्याचा आवाज वनांत दूरवर ऐकूं जाई. कुंपणावरून उड्या मारून तरुण मंडळी हा देखावा पाहण्यास येत, सिनेमावाले येत, २००९ सालीं पीटर ड्योर्फलर या दिग्दर्शकानें या कुटुंबाच्या कहाणीवर 'आख्टरबान', म्हणजे रोलर कोस्टर, या नांवाचा माहितीपट काढला. ज्या उद्यानाला ३० मार्क देऊन पाहण्यास माणसें मिळेनाशीं झालीं होतीं, त्याच्या भग्न रूपाला मात्र प्रेक्षकांची वाण पडली नाहीं.

अखेर २०१४ च्या मार्चमध्यें शहरानें सुमारें २० लाख युरो देऊन तो भाडेपट्ट्याचा हक्क परत विकत घेतला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आग लागून जुने देखावे जळाले. २०१६ पासून शहराच्याच 'ग्रुन बर्लिन' या संस्थेकडे जागा सोंपविण्यांत आली. या खेपेस रोलर कोस्टरांची चढाओढ नको. वन, कला आणि जुन्या उद्यानाच्या खुणा यांचा मेळ घालावा, असें धोरण ठरलें. उरलेल्या गोष्टींत टिकवावी अशी पहिली वस्तु कोणती, याविषयीं मतभेद झाला नाहीं. दुरुस्त करून त्याच जागीं पुन्हां उभारावा या बेतानें २०२१ च्या जानेवारींत तो आकाशपाळणा खालीं उतरविण्यांत आला.

एका राज्यानें तो आपल्या वाढदिवसासाठीं आणला आणि तें राज्य महिन्याभरांत खचलें. एका कुटुंबानें त्याच्याभोंवतीं आपलें राज्य थाटलें आणि तें दहा वर्षांत बुडालें. विट्टेनें लिमाला सहा पाळणे नेले, पण हा नेला नाहीं. १५० फुटांचें चाक कंटेनरांत भरून रातोरात हलविण्यासारखें नव्हतें. वास्तविक त्या साऱ्या उद्यानाबद्दल हेंच म्हणतां आलें असतें. जी जागा उचलून नेतां येत नाहीं, तिच्यापाशीं माणसाला थांबावें लागतें. हिवाळ्यांत थांबावें लागतें, तोट्यांत थांबावें लागतें, आणि धनकोच्या समोरहि थांबावें लागतें. पाल उठविण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या घराण्याला थांबण्याची ही विद्या अवगत नव्हती. आणि ती शिकण्याची वेळ आली, तेव्हां जहाज बंदरांतून सुटलें होतें.